उस्तादांचं दुसरं गाणं

स्टुडिओत आयुष्य काढलेल्या माणसाकडे दोन गोष्टींचा ढीग साठतो. एक म्हणजे कुठेच न लागणाऱ्या वायरी आणि दुसरे किस्से. वायरी दर दिवाळीच्या साफसफाईत मी फेकतो, म्हणजे माझी बायको साधना मला फेकायला लावते. किश्शांचं तसं होत नाही. एक ओढावा तर त्यात अडकून चार बाहेर येतात. आणि आमच्या शारजाच्या स्टुडिओतला कुठलाही किस्सा ओढा, दुसऱ्या टोकाला उस्ताद नबील बसलेले सापडतात.

आधी थोडी ओळख. मी मूळचा पुण्याचा. कीबोर्ड वाजवतो, रेकॉर्डिंग करतो आणि माईक बिघडला तर शिव्याही खातो. स्टुडिओचे मालक जोसभाई, त्रिशूरचे. जाहिरातींच्या जिंगल्स, शाळांच्या गॅदरिंगची गाणी, फोनवर ‘कृपया थांबा’ म्हटल्यावर वाजतं ते संगीत, असं आमचं दुकान. आणि चाली लावणारे उस्ताद नबील, इजिप्तचे.

उस्तादांनी कैरोत ऐन तरुणपणी एक गाणं केलं होतं. खिडकीतल्या मुलीला खालून हाक मारणारं. ते आजही लग्नात वाजतं, शावरमाच्या दुकानात वाजतं, अरबीचं अक्षर न कळणाऱ्यांनाही तोंडपाठ आहे. त्यानंतर उस्तादांनी कैरोत ढीगभर गाणी केली, पण एकही चाललं नाही. मग ते गल्फला आले आणि फिरत फिरत आमच्याकडे. स्टुडिओत त्या पहिल्या गाण्याचं नाव काढायला बंदी होती. आम्ही ‘ते गाणं’ म्हणायचो, तेही उस्ताद बाहेर गेल्यावर. नवा क्लायंट आला की जोसभाई त्याला दारातच समज द्यायचे, चपला काढायला सांगावं तशी.

“एक गाणं कोणाच्याही हातून चुकून होतं,” उस्ताद म्हणायचे. “दुसरं झालं तर माणूस संगीतकार.”

हे ते त्यांच्या अर्ध्या अरबी, पाव हिंदी, पाव इंग्रजी भाषेत म्हणायचे. मी आपलं सोयीसाठी मराठीत सांगतोय.

*

बर दुबईच्या एका सेठना लहान मुलांच्या बिस्किटाची जिंगल हवी होती. उस्तादांनी ऊद, म्हणजे त्यांचं फुगीर पोटाचं तंतुवाद्य, मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि चाल वाजवली. ऐकता ऐकता जोसभाईंनी चष्मा काढून पुसला. सेठ मात्र हैराण.

“उस्ताद, ये बच्चों का बिस्किट है. इसमें मर कौन गया?”

उस्तादांनी समोरचं बिस्किट चहात बुडवलं, शांतपणे खाल्लं आणि विचारलं, “संपतं की नाही?”

जिंगल काही सेठनी घेतली नाही. मग मी एक ढिनच्याक चाल बसवून दिली आणि ती कितीतरी वर्षं रेडिओवर वाजली. उस्तादांनी माझा हात हातात घेऊन मनापासून अभिनंदन केलं, तेव्हा तोंड कुठे लपवू असं मला झालं.

पुढे एकदा हे सेठ मीना बाजारात भेटले. इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच म्हणाले, ती पहिली चाल आहे का हो अजून तुमच्याकडे? नुकतीच त्यांची आई गेली होती.

*

नवी चाल पास की फेल, हे उस्ताद आम्हाला कधीच विचारत नसत. आम्ही घरचे, घरचे लोक खोटं बोलतात. चाल तयार झाली की ते खाली उतरायचे, टॅक्सीला हात करायचे आणि मागच्या सीटवर बसून गुणगुणायला लागायचे. पत्ता सांगितला की पुढे ड्रायव्हरशी एक अक्षर बोलायचं नाही. उतरायच्या आत तो स्वतःहून गुणगुणू लागला तर चाल पास. साक्षीदार म्हणून मला पुढे बसवायचे. आम्ही या प्रकाराला टॅक्सी टेस्ट म्हणायचो.

ड्रायव्हर लोक काय करायचे? कुणी रेडिओ मोठा करायचा. कुणी आरशातून संशयाने बघायचा. एकाने तर गाडी बाजूला घेतली आणि काळजीने विचारलं, “बाबा, पेट में दर्द है क्या?”

“फेल,” उस्ताद मला म्हणाले आणि आम्ही तिथेच उतरलो.

ही सवय कैरोतली. ‘ते गाणं’ सुचलं त्या दिवशी ते असेच टॅक्सीत गुणगुणत बसले होते. त्यांची गल्ली आली तरी ड्रायव्हर थांबेना. “आधी पूर्ण कर,” तो म्हणाला आणि त्याने चौकाला आणखी एक चक्कर मारली. उस्ताद सांगायचे, “त्याने गाडी थांबवली नाही, तिथे मी संगीतकार झालो.”

त्यानंतर दुबईत, शारजात, अजमानमध्ये त्यांनी किती चाली टॅक्सीत नेल्या असतील! प्रत्येक ड्रायव्हरने त्यांना बरोबर सांगितल्या जागी उतरवलं.

“इथले ड्रायव्हर फार शिस्तीचे,” उस्ताद म्हणायचे आणि ऊद उचलून चालायला लागायचे.

*

अबुधाबीच्या एका कंपनीसाठी आम्ही होल्डवरचं संगीत केलं. उस्तादांनी त्यात नुसता ऊद ठेवला होता. काही दिवसांनी कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला, चांगलाच तापलेला. त्यांच्या कॉल सेंटरमधली मुलगी फोन उचलून “हाऊ मे आय हेल्प यू” म्हणाली की कस्टमर म्हणतात, एक मिनिट, हे संपू दे, मला परत होल्डवर टाका!

दुसऱ्या दिवशी तिथे कुठलंसं टिंग टिंग बसवलं गेलं. जोसभाई खट्टू झाले, पण मी मात्र आनंदाने उस्तादांना म्हणालो, “हबीबी, ही तर पास की!”

उस्तादांनी मान हलवली. “ते अडकलेले लोक होते. अडकलेला माणूस काहीही ऐकतो. टॅक्सीवाल्याकडे रेडिओ असतो.”

या माणसाला समाधान म्हणून देता येत नसे. कधी कधी मला त्यांचा रागही यायचा.

*

अबुधाबीतलंच एक लग्न. मोठ्ठा हॉल, झुंबरं, ऑर्केस्ट्रामध्ये मी कीबोर्डवर आणि उस्ताद मागे ऊद घेऊन. ‘ते गाणं’ वाजणार हे त्यांना ठाऊक होतं. अशा वेळी ते बाहेर जाऊन सिगारेट ओढायचे. त्या दिवशी गुडघा दुखत होता म्हणून बसून राहिले.

सूत्रसंचालक तरुण होता, सूट-बूट घालून. माईकवर येऊन भरल्या गळ्याने म्हणाला, आता जे गाणं आपण ऐकणार आहोत त्याचे संगीतकार आज आपल्यात नाहीत. अल्ला त्यांच्यावर दया करो. आपण सगळे त्यांच्यासाठी दुआ मागू या.

सगळा हॉल उभा राहिला आणि सगळ्यांनी हात पसरले. मी घाबरून मागे पाहिलं. उस्तादांनी ऊद बाजूला ठेवला होता, दुखऱ्या गुडघ्यावर जोर देऊन तेही उभे राहिले होते आणि सगळ्यांच्या बरोबरीने हात पसरून दुआ मागत होते.

परत येताना गाडीत मी चिडलो होतो. त्या पोराला सांगायला नको होतं का, म्हणून मी विचारलं.

“कशाला? इतके लोक माझ्यासाठी मागत होते,” उस्ताद म्हणाले. “मालेश. पुन्हा कधी योग यायचा?”

मालेश म्हणजे जाऊ दे. तो शब्द त्यांनी त्या रात्री अजमान येईपर्यंत अधूनमधून म्हटला, कुणालाच उद्देशून नाही.

*

अजमानला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, आम्ही चौथ्या मजल्यावर आणि उस्ताद आमच्या बरोब्बर वर. बायको कधीच वारलेली, मुलगी हनान अलेक्झांड्रियात संसारात. त्यामुळे आमच्या गणपतीला ते घरचेच. साधनाच्या उकडीच्या मोदकांवर त्यांचा भारी जीव होता आणि आरतीला ते खंजिरीसारखं त्यांचं वाद्य घेऊन येत. आमच्या टाळ्यांमध्ये त्यांचा इजिप्तचा ठेका असा काही बसायचा की आरती संपवायची कुणाची इच्छा होत नसे.

एका वर्षी प्रसाद खाताना त्यांनी विचारलं, “ही चाल कोणाची?”

मी म्हटलं, माहीत नाही. जुनी आहे. सगळे अशीच म्हणतात.

“कोणालाच माहीत नाही?”

“कोणालाच नाही.”

उस्ताद गणपतीकडे वळले. मग म्हणाले, “ही सगळ्यात मोठी पास. गाणं राहिलं आणि माणूस सुटला.”

साधनाने त्यांच्या ताटलीत आणखी एक मोदक ठेवला आणि त्यावर तूप वाढलं. त्यांनी नेहमीसारखं नको म्हटलं नाही.

*

मग गोष्टी हळूहळू बदलायला लागल्या. आधी आम्ही हसलो, हेही सांगायला हवं. ऊद पॅन्ट्रीत विसरायचा आणि चहाचा कप घेऊन माईकसमोर बसायचं. जोसभाईंना एका दिवसात चारदा सलाम करायचा. वय झालं की व्हायचंच, असं आम्ही म्हणायचो.

एका सकाळी आमच्या दाराच्या कुलपात कुणीतरी किल्ली फिरवत होतं. साधनाने दार उघडलं तर उस्ताद. मजला चुकला होता. साधनाने या म्हटलं, तसे ते आत येऊन बसले, पोहे खाल्ले, लिंबू आणखी मागून घेतलं. आमच्या तन्वीच्या डोक्यावर हात ठेवून तिच्याशी अरबीत पुष्कळ बोलले. निघताना दारात थांबून साधनाला हळूच म्हणाले, बायको बाजारातून आली की सांग, मी कामावर गेलोय, वाट बघू नकोस.

साधना हो म्हणाली. दार लावून ती तशीच तिथे उभी राहिली. त्या बाईंना जाऊन किती वर्षं झाली होती हे आम्हाला चांगलं माहीत होतं.

तन्वी इथेच वाढलेली, मराठी कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “बाबा, ही थिंक्स आय ॲम हनान. शुड आय करेक्ट हिम?”

ज्या पोरीला मी गणितं समजावून सांगायचो, तिला याचं उत्तर मला देता आलं नाही.

*

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. हनानचा फोन आला, पपांना न्यायला येतेय. जायचा दिवस ठरला. तोवर उस्तादांना घरात बसवणं म्हणजे शिक्षाच, म्हणून मी रोज त्यांना गाडीतून स्टुडिओत आणायचो.

त्यातल्याच एका सकाळी ते भलतेच खुशीत होते. डोळे चमकत होते, दाढी गुळगुळीत. बसायच्या आधीच म्हणाले, “आलं! आज पहाटे, फजरच्या नमाजानंतर आलं. बसा सगळे.”

त्यांनी ऊद घेतला आणि वाजवायला सुरुवात केली. पहिली ओळ संपायच्या आत मी ओळखलं.

ते गाणं होतं. तेच. खिडकीतल्या मुलीचं, एकही सूर इकडचा तिकडे नाही. शब्द तेवढे गेले होते. जिथे शब्द यायचे तिथे उस्ताद नुसतं ‘ला ला’ म्हणत होते आणि प्रत्येक वळणावर आमच्याकडे बघत होते, कसं जमलंय ते बघा म्हणून.

वाजवून संपलं. जोसभाईंचा एरवी स्टुडिओच्या एकेका तासावर जीव. मला वाटलं, आता हे खरं सांगून टाकणार. काय तोंडाने सांगणार होते, कोण जाणे. जोसभाई उठले, बाहेरचा लाल दिवा लावला, दुपारच्या क्लायंटला फोन करून आज येऊ नका म्हणाले आणि मला म्हणाले, “रेकॉर्डिंग लगाओ.”

आम्ही दिवसभर ते गाणं रेकॉर्ड केलं. जे सूर मी शेकडो लग्नांत डोळे मिटून वाजवले होते, ते उस्ताद मला एकेक करून शिकवत होते आणि मी नवीन असल्यासारखे चुकून चुकून शिकत होतो. कीबोर्डवर पाणी पडू नये म्हणून मी मान वर धरून वाजवत होतो.

संध्याकाळी उस्ताद उठले. “चला आता. टॅक्सी.”

जोसभाई घाईघाईने म्हणाले, आज नको उस्ताद, ट्रॅफिक आहे. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, माझी पाठ धरलीय. रोज काहीतरी. कारण या गाण्याची टॅक्सी टेस्ट म्हणजे काय होणार होतं? पहिल्याच ओळीला ड्रायव्हर म्हणणार, बाबा, हे तर जुनं गाणं. आयुष्यभर वाट पाहिलेलं दुसरं गाणं त्याच्या एका वाक्यात संपणार होतं.

*

जायचा दिवस. बिल्डिंगखाली जोसभाई त्यांची मोठी गाडी घेऊन आले. हनान आणि बॅगा गाडीत बसल्या. उस्ताद बसेनात.

“टॅक्सी,” ते म्हणाले.

हनानने समजावलं, जोसभाईंनी हात जोडले. उस्ताद ऊद छातीशी धरून फुटपाथवर उभे. शेवटी मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी आणतो त्यांना.

मी ड्रायव्हर बघून घ्यायचं ठरवलं. एक टॅक्सी आली, ड्रायव्हर सीरियाचा वाटला, जाऊ दिली. दुसरा सुदानी, तोही जाऊ दिला. तिसरा पांढऱ्या दाढीचा पठाण होता आणि त्याच्या रेडिओवर पश्तो गाणी चालली होती. म्हटलं, हा आपला माणूस, याला अरबी गाण्याचं काय माहीत! आणि गरज पडली तर मी पुढे बसून गुणगुणेन, म्हणजे त्याला साथीला ओढता येईल. एवढी माझी अक्कल.

शारजा एअरपोर्टचा रस्ता लागला आणि उस्तादांनी मागून सुरू केलं. ला ला ला.

पठाणाने रेडिओ बंद केला.

मी त्याच्याकडे बघेना. दुसऱ्या ओळीला तो हसला आणि आरशात बघून म्हणाला, “अरे बाबा, ये तो...”

मी त्याच्या दंडावर हात ठेवला. घट्ट. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग आरशात पाहिलं, मागच्या सीटवरच्या त्या म्हाताऱ्याकडे, त्याच्या मांडीवरच्या ऊदकडे. सिग्नल हिरवा झाला तरी त्याने गाडी हलवली नाही, मागून हॉर्न वाजले तेव्हा हलवली.

आणि तो गुणगुणायला लागला. आधी अगदी हळू, मग मोकळेपणाने. पुढच्या राउंडअबाउटला त्याने शब्द म्हणायला सुरुवात केली. सगळे शब्द, पठाणी उच्चारातले, पण एकही चुकलेला नाही.

उस्ताद थांबले. पठाण एकटाच गात राहिला.

“या चालीला मी शब्द दिलेच नाहीत,” उस्ताद मागून म्हणाले. “अजून लिहायचेत. याला कसे आले?”

क्षणभराने उस्तादांनी पुन्हा सूर लावला आणि दोघे मिळून गाऊ लागले.

एअरपोर्ट आला. डिपार्चरच्या दारासमोर हनान आणि जोसभाई बॅगा घेऊन उभे होते. हनानने आम्हाला पाहून हात हलवला. टॅक्सी हळू झाली. गाण्याचं शेवटचं कडवं राहिलं होतं.

पठाणाने आरशात पाहिलं आणि ब्रेकवरचा पाय काढला.

“बाबा, पूरा करो,” तो म्हणाला. “एक चक्कर और मारते हैं.”

हात हलवणारी हनान खिडकीतून मागे गेली. मागून माझ्या खांद्यावर टकटक झाली. मी वळून पाहिलं. उस्ताद गातच होते आणि माझ्यासमोर त्यांनी दोन बोटं धरली होती.